थोरल्या घराचं आडनाव

माझं आडनाव मी इथं लिहिणार नाही. लिहिलं की तुम्हीही तोच प्रश्न विचाराल, जो परभणीत मला सगळेच विचारतात. शाळेत पालक विचारतात, बँकेत काउंटरवरची बाई विचारते. एकदा तर दाढ काढताना डॉक्टरनं विचारलं, माझ्या तोंडात कापसाचा बोळा असताना: "म्हणजे पंपवाले का तुम्ही?"

नाही हो. पंपवाले ते. आम्ही नुसते आडनावाचे.

आमच्या गावाचं नाव तेच, गावातल्या थोरल्या घराचं आडनाव तेच, आणि आमचंही तेच. परभणीत त्या नावाचं एक नगर आहे, गंगाखेडच्या रस्त्याला पेट्रोल पंप आहे, सोनपेठकडं जाताना एक मंगल कार्यालय लागतं. निजामाच्या काळात वतन त्या घराकडं होतं. घरानं गावाचं नाव घेतलं की गावानं घराचं, ते आता सांगणारं कुणी राहिलं नाही. आम्ही त्याच नावाचे, पण वेशीजवळच्या गल्लीतले. थोडी काळी जमीन, पत्र्याचं घर, दारात लिंबाचं झाड. "नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा," असं माझी माय म्हणायची, आणि म्हणताना मुद्दाम अण्णांकडं बघायची.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना ह्या म्हणीचा राग यायचा. त्यांचं म्हणणं एकच, की मूळ एक आहे. कोणे एके काळी दोन सख्खे भाऊ होते, थोरल्याच्या वाट्याला वतन आलं आणि धाकट्याच्या वाट्याला नांगर. हे त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं. थोरल्या घरातलं कुणी हे कधी कबूल केल्याचं मी ऐकलं नाही, आणि नाकबूल केल्याचंही लहानपणी ऐकलं नव्हतं. विचारायला जायची हिंमत कुणाची होती!

आमच्याकडं भाऊकी कोण हे सुतकावरून ठरतं. कुणाकडं मयत झाली की भाऊकीतल्या प्रत्येक घरात दहावं होईपर्यंत सुतक. देवपूजा बंद, गोडधोड बंद, लग्नकार्यात जायचं नाही. दहाव्याला पुरुषांनी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर जाऊन डोकं करून यायचं. थोरल्या घरात कुणी गेलं की अण्णा हे सगळं काटेकोर पाळायचे. त्यांना बोलावणं नसायचं. तरी जायचे, न्हाव्यापुढं रांगेत शेवटी बसायचे आणि तुळतुळीत डोक्यानं घरी यायचे. एका वर्षी ऐन होळीला थोरल्या घरची कुठलीशी चुलती गेली. गल्लीत सगळ्यांच्या घरी पुरणपोळ्या, आणि आमच्या ताटात पिठलं. मी रडून गोंधळ घातला तर अण्णा म्हणाले, "आपल्या घरातलं माणूस गेलंय, कळत न्हाई का तुला?"

मग आमची आजी गेली. त्या आठवड्यात थोरल्या घरचं कुणीतरी कुठल्याशा निवडणुकीत निवडून आलं. मिरवणूक आमच्याच दारावरून गेली. हलगी वाजायली, गुलाल उडायलाय, आणि आत आजीच्या जागेवर दिवा लावलेला. मायनं दार लोटून घेतलं. अण्णा म्हणाले, "असू दे, त्यांना ध्यानात आलं नसंल." माय त्यावर एक शब्द बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर बोलले असते. मी तेव्हाही तोंडाळच होते.

आता अक्काचं सांगते. अक्का माझ्याहून मोठी, आम्ही दोघीच बहिणी. मी बोलकी आणि ती गप्प. पण अभ्यासात तिच्यापुढं मी काहीच नव्हते. तिची बारावी झाली आणि सोनपेठकडचं एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घरची शेती, आणि घराणं आमच्यापेक्षा बरंच वरचं. ते आलेच मुळी आडनाव ऐकून. बघण्याच्या दिवशी मुलानं अक्काला एकच प्रश्न विचारला, "पुढं डी.एड. करायचंय का?" आमच्याकडं मुलीनं अशा वेळी खाली बघायचं असतं आणि उत्तर बापानं द्यायचं असतं. अक्का सरळ त्याच्याकडं बघून म्हणाली, "हो, करायचंय." माय हादरली. मुलगा हसला. पसंती आली, सुपारी फुटली, साखरपुड्याची तारीख धरली. अक्का त्या दिवसांत घरभर गुणगुणत फिरायची. इतकं साधं सुख मी नंतर तिच्या तोंडावर पाहिलं नाही.

पण सोयरीक म्हणजे चौकशी. मुलाचा चुलता एकदा थोरल्या घरी जाऊन आला. तेव्हा थोरले मालक हयात होते. गावात सगळे त्यांना मालकच म्हणायचे, आम्हीसुद्धा. चुलत्यानं सरळ विचारलं, "त्यांचं सुतक तुम्ही धरता का?" मालक ओसरीवर पान लावत बसले होते म्हणे. ते म्हणाले, "त्यांनी आमचं धरलं असंल. आमी त्यांचं कामून धरावं? कुणबी हाओत ते. आमचं नाव लावून बसलेत."

एवढंच. त्यांना आमचं वाईट करायचं होतं असंही नाही. विचारलं म्हणून सांगितलं, आणि पान तोंडात टाकलं.

सोयरीक लगेच मोडली नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. लोक म्हणतात, "मालकानं मोडलं." अर्धंच खरं आहे ते. मुलगा अडून बसला होता. त्याच्यासाठी म्हणून मधल्या माणसानं निरोप आणला. मुलीच्या बापानं मालकांसमोर बसून मुलाच्या चुलत्यादेखत एकदा म्हणावं, की आपण एका कुळातले. मालक हो म्हणाले नाही तरी चालेल. नुसते गप्प बसले तरी मुलाकडचे समजून घेतील. बघा, किती वाकले होते ते लोक! एक वाक्य हवं होतं त्यांना. आणि ते वाक्य अण्णा आयुष्यभर घरात बसून आम्हाला ऐकवत आले होते.

अण्णांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली. अक्का दाराआड उभी होती. ते थोरल्या घराच्या पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत आले. चप्पल काढताना म्हणाले, "मोठ्या माणसाला तोंडावर खोटं कसं पाडायचं? मला न्हाई बोलता येत." माय मोठ्यानं रडली. मी अण्णांशी भांडले, नको नको ते बोलले. अक्का तिकडं चुलीजवळ गेली आणि भाकरी थापायला बसली.

मुलाचं पुढं दुसरीकडं झालं. अक्काला आणखी दोनेक स्थळं आली, पण सुपारी फुटून मोडलेल्या मुलीला कसली स्थळं येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एक बिजवर, एक दारुडा. ती दोघांनाही नको म्हणाली. अण्णांनी तिला जबरदस्ती केली नाही, हा त्यांचा मोठेपणा म्हणायचा तर म्हणा. डी.एड.ला पाठवायला हिंमत लागली असती, तीही केली नाही. पुढं ती गावातच अंगणवाडीत लागली. माझं डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आडनाव मात्र माहेरचंच राहिलं. मी शिकले ते खरं म्हणजे अक्काच्या वाट्याचं शिकले. माय गेली. तिच्या सुतकात थोरल्या घरी जेवणावळ झाली की नाही, ते मी बघायलाही गेले नाही. अक्का आणि अण्णा दोघंच त्या घरात राहिले. ती सकाळी त्यांना चहा देते, औषध देते, अंगणवाडीत जाते, दुपारी येऊन स्वयंपाक करते. दोघांमध्ये भांडण म्हणून कधी झालं नाही. बोलणंही फारसं नाही.

आणि मग दिवस पालटले. जुन्या दप्तरांत ज्याच्या पूर्वजाच्या नावापुढं कुणबी लिहिलेलं निघालं, त्याला दाखला मिळायला लागला. आमच्या खापरपणजोबांपुढं ते स्वच्छ लिहिलेलं होतं. गावाबाहेर राहणाऱ्या माझ्या चुलतभावांनी दाखले काढले, अण्णांच्या नावानंही एक काढून ठेवला. थोरल्या घरच्या पूर्वजांपुढं मात्र नुसता हुद्दा लिहिलेला. वतनदाराला जात विचारायची त्या काळी छाती कुणाची असणार? आता थोरल्या मालकांच्या नातवाचं डॉक्टरीचं ॲडमिशन थोड्या मार्कांवर अडलेलं. दाखला मिळवायचा तर गावातल्या, त्याच कुळातल्या, दाखला असलेल्या माणसानं शपथेवर सांगायला हवं, की हे आमचेच.

मला हे कळलं तेव्हा मी शाळेतल्या स्टाफरूममध्ये एकटीच खदाखदा हसले. अडला हरी गाढवाचे पाय धरी! मग ध्यानात आलं, की ह्या म्हणीत गाढव आम्हीच. हसू बंद झालं.

त्या रविवारी मी गावी होते. सकाळीच दारात मोठी पांढरी गाडी थांबली. थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. आले ते त्यांचे चिरंजीव, आताचे मालक. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा आमचा उंबरा ओलांडत होता. बाहेर चप्पल काढली, आत येऊन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, पेढ्याचा पुडा पुढं ठेवला आणि अण्णांच्या पाया पडला.

"काका, तब्येत कशी हाय?"

काका! अण्णा ऐंशीच्या घरातले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते त्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिले. "बसा मालक, बसा," एवढंच त्यांना बोलता आलं.

"मालक कशाला म्हणता? पुतण्या हाय मी तुमचा."

माझं डोकं असं तडकलं म्हणून सांगू! मी म्हणाले, "कधीपासून?"

"ताई, रक्त तर एकच हाय ना आपलं."

"तुमच्या वडलांनी तसं सांगितलं नव्हतं. माझ्या बहिणीची सुपारी फुटलेली सोयरीक त्यांच्या शब्दानं मोडली. आम्ही कुणबी आणि तुमचं नाव लावून बसलेले, असं म्हणाले होते ते. आता तुम्हालाच कुणबी व्हायचंय होय?"

तो खरोखर गोंधळला. "मी तवा पुण्याला व्हतो, ताई. मला ह्यातलं काहीच माहीत न्हाई. जुनी माणसं काहीबाही बोलायची. माफ करा." आणि त्यानं खरंच हात जोडले. मला वाटलं होतं, तो ताठ बोलेल, मग मी त्याला उभा चिरीन. कशाचं काय! आमचं घर ज्या वाक्यात बुडालं, ते त्यांच्या घरात कुणाच्या आठवणीतसुद्धा नव्हतं. भांडायचं तरी कुणाशी?

अक्का चहा घेऊन आली. मालकानं कप घेताना तिला विचारलं, "तुमी काय करता, ताई?" ती म्हणाली, "अंगणवाडीत हाय." तो म्हणाला, "वा, चांगलं हाय." "उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, गंगाखेडला तहसील कचेरीत वकील कागद तयार ठेवील, सही तेवढी करा," असं अण्णांना सांगून तो उठला.

गाडी गेल्यावर मी अण्णांना सरळ सांगितलं, "सही करायची नाही." ते पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "मला काका म्हणले ते. ऐकलंस ना तू?" मी कपाळावर हात मारून उठले.

अक्का स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. मी जाऊन तिच्यापुढं बसले. "तू तरी सांग त्यांना. तुझं ऐकतील."

ती म्हणाली, "पोराचं काय चुकलं? होईना का डॉक्टर."

"आणि तुझं काय चुकलं होतं?"

तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग खाली बघूनच म्हणाली, "माझं काहीच म्हणणं न्हाई. फक्त जायच्या आधी अण्णांनी मला एकदा विचारावं. 'पोरी, जाऊ का, बोलू का?' इतकंच. विचारलं तर मी 'जा' म्हणीन. मनापासून म्हणीन."

"मी सांगू का त्यांना विचारायला?"

"सांगून विचारलं तर काय उपयोग?"

मी अण्णांना काही सांगितलं नाही. माझ्यासारखी बाई गप्प बसली, ह्यावरून समजा. त्या संध्याकाळभर माझं सगळं ध्यान अण्णांच्या तोंडाकडं. जेवताना त्यांनी अक्काला मीठ मागितलं. नंतर त्यांनी विचारलं, "माझं धुतलेलं धोतर कुठं हाय?" तिनं काढून दिलं. सकाळी विचारलं, "टोपी?" तिनं टोपीही दिली. मी दारात उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, विचारा हो अण्णा, विचारा, आता तरी विचारा. गाडीचा हॉर्न वाजला आणि अण्णा काठी घेऊन निघाले. मग थांबले, मागं वळले.

"अक्का, तू पण चल," ते म्हणाले. "मला वाचता येत न्हाई. वकील भरभर वाचंल. तू वाचून दाखव."

ती पदर खोचत म्हणाली, "येते." मी शाळेत रजा कळवली आणि तिघंही गाडीत बसलो. अण्णा पुढं, मालकाच्या शेजारी. रस्ताभर मालक त्यांना उसाचं, पाण्याचं, कालव्याचं विचारत होता आणि अण्णा खुलून बोलत होते. त्यांना इतकं बोलताना मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

गंगाखेडला कचेरीत गर्दी होती. वकिलानं कागद पुढं केला, पण अण्णा म्हणाले, "माझी पोरगी वाचील." अक्कानं वाचायला घेतलं. ती रोज पोरांना गोष्टी सांगते, तिचा आवाज स्वच्छ आहे, प्रत्येक शब्द सुटा येतो. 'आमचे व अर्जदाराचे घराणे एकाच मूळ पुरुषापासून असून आम्ही एकाच कुळातील आहोत.' तिनं ते वाक्य न अडखळता वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि जिथं सही करायची तिथं बोट ठेवून अण्णांच्या हातात पेन दिलं. आतापर्यंत मी रागावलेली होते. त्या वेळी मला रडू आलं. मी खिडकीकडं तोंड केलं.

कचेरीतल्या साहेबांनी सही बघितली, मग अण्णांकडं बघितलं. "आजोबा, जबरदस्ती तर नाही ना? हे खरंय का, तोंडानं सांगा."

अण्णा खुर्चीचा हात धरून उभे राहिले. सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं बोलले. "व्हय साहेब. आमी एकच हाओत. एका बापाचे दोन भाऊ व्हते, थोरल्याचे हे, धाकट्याचे आमी. कोन बी इचारू द्या, मी हेच सांगीन."

मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं अण्णांना मिठी मारली. वकिलानं कुणाला तरी चहा आणायला पाठवलं. अक्का कधी बाहेर गेली ते मला कळलं नाही.

ती कचेरीच्या बाहेर रस्त्याला उभी होती. मालक म्हणाला, गाडीनं सोडतो. ती म्हणाली, "नको, आमी एसटीनं जाऊ." त्यानं फार आग्रह केला नाही. पोराचे पुढचे कागद करायचे होते, त्याला घाई होती. आम्ही अण्णांना धरून स्टँडवर आणलं आणि बाकावर बसवलं. अण्णांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. ते सारखं म्हणत होते, "सगळ्या लोकांसमोर मिठी मारली मला. तुझी माय असायला पायजे व्हती आज." मग अक्काकडं वळून म्हणाले, "कसं बोललो मी? बराबर बोललो ना?"

अक्का त्यांच्यापुढं उभी होती. तिनं त्यांची तिरकी झालेली टोपी नीट केली.

"चांगलं बोललात, अण्णा," ती म्हणाली. "बोलता येतंय की तुमाला."

आवाज चढला नाही, काही नाही. अण्णा हसत होते, ते तसेच थोडा वेळ हसत राहिले. मग त्यांना कळलं. त्यांना कळताना मी बघितलं, आणि ते मी बघायला नको होतं. त्यांनी अंधुक डोळ्यांनी तिचा चेहरा शोधला. बस लागली. अक्कानं एका हातानं त्यांना धरलं, दुसऱ्या हातानं लोकांना बाजूला केलं, त्यांना वर चढवलं आणि खिडकीजवळ बसवलं.

त्या पोराचं ॲडमिशन झालं. अण्णा अजून आहेत. पूर्वी ते सकाळी उठल्या उठल्या आतल्या दिशेनं हाक मारायचे, "अक्का, चहा!" आता हाक मारत नाहीत. अंथरुणावर उठून बसतात, आणि ती देईल तेव्हा पितात.